अमिगावर मासिकाची सीडी चालवताना ब्राउझर सगळ्यात शेवटी उघडा

कमोडोरच्या जुन्या अमिगा संगणकात मासिकाची सीडी घातली, ब्राउझर उघडला, अनुक्रमणिकेचं पान छान दिसलं. पहिल्या दुव्यावर क्लिक केलं आणि वरच्या कोपऱ्यात पाटी आली: अमुक व्हॉल्यूम कुठल्याही ड्राइव्हमध्ये घाला. सीडी तर ड्राइव्हमध्येच आहे! मग लोक ब्राउझर बदलतात, त्याची जुनी आवृत्ती शोधतात, नवी शोधतात, शेवटी सीडी खराब आहे असं ठरवून मोकळे होतात.

नव्वदच्या दशकाच्या उत्तरार्धात अमिगा मासिकांसोबत येणाऱ्या सीडींपैकी अनेकांचा मेनू म्हणजे एचटीएमएलची साधी पानं. पण ही पानं नुसती दार आहेत. आतला माल म्हणजे एलएचए पेट्या (झिपसारख्या दाबलेल्या फाइली), फ्लॉपीच्या प्रतिमा (अख्ख्या फ्लॉपीची एका फाइलमधली नक्कल), संगीताची मॉड्यूल्स, डेमो आणि स्क्रिप्टा. तो चालतो अमिगाडॉसच्या, म्हणजे अमिगाच्या ऑपरेटिंग सिस्टिमच्या, नियमांवर, आणि त्या नियमांना ब्राउझरशी काही देणंघेणं नाही. म्हणून क्रम असा ठेवायचा: आधी डिस्क नीट वाचली जाते का, मग तिचं नाव बरोबर आहे का, मग तिला हव्या त्या वाटा सिस्टिमला माहीत आहेत का, आणि हे सगळं जमल्यावर ब्राउझर.

आज्ञांची नावं इथे देवनागरीत दिली आहेत, शेलमध्ये, म्हणजे आज्ञा टाइप करण्याच्या खिडकीत, ती रोमन अक्षरांतच टाइप करायची. लहान-मोठ्या अक्षरांचा फरक अमिगाडॉस मानत नाही, त्यामुळे ती चिंता नको.

## आधीची तयारी

मशीन अमिगा १२०० धरलं आहे, कारण अनेकांकडे तेच असतं. ४०००, ३००० किंवा एमुलेटर (आजच्या पीसीवर अमिगाची नक्कल करणारा प्रोग्रॅम) असेल तरी दुसऱ्या टप्प्यापलीकडे फारसं काही बदलत नाही.

मूळ १२०० मध्ये १४ मेगाहर्ट्झचा ६८ईसी०२० प्रोसेसर आणि २ एमबी चिप रॅम असते. एवढ्यावर ब्राउझर उघडला तरी चित्रांची दोन पानं बघितली की मेमरी संपते. चिप रॅम चित्र-आवाजाच्या चिपांशी वाटून घ्यावी लागते, म्हणून फक्त प्रोसेसरसाठीची वेगळी मेमरी, म्हणजे फास्ट रॅम, हवीच. ८ एमबी असली तर काम भागतं, ६८०३० आणि १६ एमबी असेल तर जीव रमतो. ५१२ केबीच्या अमिगा ५०० वर हा खटाटोप करू नका. त्या सीडीवरच्या फ्लॉपी-प्रतिमा दुसऱ्या मशीनवर उतरवून घ्या आणि फ्लॉपीवरून चालवा.

हार्ड डिस्कवर, म्हणजे आजकाल बहुतेकांच्या सीएफ कार्डावर, निदान १०० एमबी मोकळी जागा ठेवा. सीडीवर काहीच लिहिता येत नाही आणि तिच्यावरचे निम्मे प्रोग्रॅम स्वतःच्या ड्रॉवरमध्ये (अमिगावर फोल्डरला ड्रॉवर म्हणतात) काहीतरी लिहायला बघतात.

सावध: १२०० च्या पोटातल्या ८ एमबीच्या साध्या रॅम कार्डासोबत पीसीएमसीआयए खाच (बाजूची कार्ड घालायची जागा) वापरणार असाल तर थांबा. त्या कार्डाची वरची अर्धी मेमरी आणि पीसीएमसीआयएची जागा एकाच पत्त्यांवर येतात. कार्डावर ४ एमबीचा जम्पर असतो, तो लावा. नाहीतर खाचेत जोडलेला सीडी ड्राइव्ह मशीनला दिसणारच नाही आणि तुम्ही केबल बदलत बसाल. ३२ बिटी ॲक्सलरेटर कार्डांना सहसा ही अडचण येत नाही.

## टप्पा १: डिस्कची प्रतिमा काढून ठेवा

मूळ सीडी अमिगात घालण्याआधी आजच्या एखाद्या पीसीवर तिची पूर्ण प्रतिमा काढा. निव्वळ डेटाची सीडी असेल तर आयएसओ पुरते. शेवटी ऑडिओ ट्रॅक असतील तर बिन आणि क्यू ही जोडी घ्या, कारण आयएसओमध्ये ऑडिओ येत नाही. पृष्ठभाग पुसायचा तर मऊ कापडाने मधून कडेकडे, सरळ रेषेत. गोल गोल पुसू नका.

इथे सगळ्यात जास्त वेळा होणारी चूक म्हणजे प्रतिमा न काढता विंडोजमध्ये सीडी उघडून सगळे फोल्डर उचलून कॉपी करणं. फाइली येतात. मात्र प्रत्येक अमिगा फाइलला परवानग्यांचे बिट आणि एक टिप्पणी असते, आणि हे दोन्ही विंडोजच्या खिजगणतीत नसतं, त्यामुळे वाटेतच गळून पडतं. 'ही स्क्रिप्ट आहे' असं सांगणारा बिट गेला की नुसतं नाव टाइप करून ती चालत नाही. व्हॉल्यूमचं नावही गेलेलं असतं, आणि पुढचा अर्धा लेख त्या नावावरच उभा आहे.

दुसरी चूक त्याच फोल्डरांची नवी सीडी विंडोजवर जाळण्याची. विंडोज लांब नावं जोलिएट पद्धतीने लिहितं. अमिगावरच्या जुन्या सीडी फाइल सिस्टिमना जोलिएट कळत नाही, त्या मूळ आयएसओ ९६६० ची आठ-अधिक-तीन अक्षरी नावं दाखवतात. पानातला दुवा पूर्ण नाव मागतो, डिस्कवर कापलेलं नाव असतं, आणि सगळे दुवे एकदम मेलेले दिसतात. प्रत हवीच असेल तर प्रतिमेवरूनच जाळा. सेशन बंद करा. कोरी सीडी-आर घ्या, पुन्हा पुसता येणारी नको, कारण तिच्यावरून परतणारा प्रकाश मंद असतो आणि जुन्या ड्राइव्हना तो वाचवत नाही.

तपासा: प्रतिमेची फाइल साधारण सीडीवरच्या डेटाएवढी आहे ना? सीडी ५८० एमबीची आणि फाइल ३१० ची असेल तर वाचन मध्येच तुटलं आहे. पुढे जाऊ नका.

## टप्पा २: ड्राइव्ह माउंट करा

### खऱ्या मशीनवर

१२०० च्या आत ४४ पिनांचं आयडीई कनेक्टर असतं, अडीच इंची हार्ड डिस्कसाठी. सीडी ड्राइव्हला ४० पिनांची केबल लागते, म्हणून मध्ये अडॅप्टर येतो. ड्राइव्हला वीज वेगळ्या पुरवठ्यातून द्या. १२०० च्या स्वतःच्या पॉवर सप्लायवर तो भार टाकू नका. हार्ड डिस्क मास्टर, सीडी स्लेव्ह. काही सीएफ कार्डांना शेजारी स्लेव्ह खपत नाही. सीडी दिसत नसेल तर दुसऱ्या कंपनीचं कार्ड लावून बघा, मगच ड्राइव्हवर संशय घ्या.

आता खरा अडथळा. किकस्टार्ट ही अमिगाच्या रॉममधली मूळ सिस्टिम. तिच्या ३.१ आवृत्तीतल्या स्कझी डॉट डिव्हाइस ह्या ड्राइव्हरला अटॅपी येत नाही, म्हणजे आयडीईवर सीडी ड्राइव्ह आहे हे त्याला उमगतच नाही. नुसती केबल जोडून काही होणार नाही. दोन वाटा आहेत: आयडीईफिक्ससारखं अटॅपीचं सॉफ्टवेअर स्टार्टअपमध्ये लावणं, किंवा २०१८ साली आलेल्या ३.१.४ वर वा २०२१ च्या ३.२ वर जाणं. नव्या रॉममध्ये ही सोय आहे. पीसीएमसीआयएवरच्या स्क्विरलसारख्या स्कझी इंटरफेसला आपापलं डिव्हाइस असतं, तिथे हा प्रश्न नाही.

मग डेव्हजमधल्या डॉसड्रायव्हर्स ड्रॉवरमध्ये सीडी० नावाची फाइल लागते. टेक्स्ट एडिटरमध्ये उघडली की तिच्यात तीन ओळी महत्त्वाच्या: फाइल सिस्टिम कोणती, डिव्हाइस कोणतं, युनिट किती. बाकीच्या ओळींना हात लावू नका. रॉममधलं स्कझी डॉट डिव्हाइस वापरत असाल तर मास्टर म्हणजे ० आणि स्लेव्ह म्हणजे १. अटॅपीचं वेगळं सॉफ्टवेअर वापरत असाल तर डिव्हाइसचं नाव त्याच्या कागदपत्रात दिलेलं लिहा. पहिल्या ठिकाणची फाइल उचलून दुसऱ्या ठिकाणी टाकली की नाव जुनंच राहतं आणि माउंट मुकाट्याने फसतं.

### एमुलेटरवर

विनयूएई हा विंडोजवरचा अमिगा एमुलेटर वापरणाऱ्यांपैकी बरेच जण 'सीडी आहे ना' म्हणून क्विकस्टार्टमध्ये सीडी३२ निवडतात. ते गेम कन्सोल आहे, सीडीवरून बूट व्हायला बघतं. मासिकाच्या बहुतेक सीडींना चालू वर्कबेंच, म्हणजे अमिगाचा डेस्कटॉप, हवं असतं. १२०० निवडा, हार्ड डिस्कवर वर्कबेंच बसवा, ८ एमबी फास्ट रॅम द्या. रॉम अधिकृत घ्या, अमिगा फॉरेव्हर संचात तो मिळतो.

सीडीची प्रतिमा सीडी आणि हार्ड ड्राइव्हच्या पानावर सीडी म्हणूनच जोडा. तिथेच सीडी आपोआप माउंट करण्याची चौकट आहे. ती चालू केलीत तर वर सांगितलेली सीडी० फाइल डॉसड्रायव्हर्समधून बाहेर काढा. दोन्ही ठेवलं तर एकाच नावावर दोघांचा दावा होतो, आणि कधी चालतं, कधी नाही. असला अधूनमधून येणारा दोष शोधणं फार वैतागाचं.

प्रतिमा फोडून, तिचा फोल्डर हार्ड डिस्क म्हणून जोडण्याचा मोह होतो. जोडता येतो, पण व्हॉल्यूमचं नाव तिथे हाताने द्यावं लागतं आणि ते मूळ सीडीच्या नावाशी तंतोतंत जुळावं लागतं. शिवाय पहिल्या टप्प्यात सांगितलेले बिट गेलेलेच असतात.

तपासा: शेल उघडा, इन्फो ही आज्ञा द्या. यादीत सीडी० आली पाहिजे, तिच्यापुढे 'रीड ओन्ली' आणि व्हॉल्यूमचं नाव. हे दिसत नसेल तर तिसऱ्या टप्प्यावर जाऊन उपयोग नाही.

## टप्पा ३: नावं जुळवा

अमिगाडॉसमध्ये ड्राइव्हचं नाव वेगळं आणि त्यातल्या डिस्कचं नाव वेगळं. सीडी० हा ड्राइव्ह. मासिकाने डिस्कला दिलेलं नाव, समजा मासिक४०, हे व्हॉल्यूम. डिस्कवरच्या स्क्रिप्टा आणि आयकॉनांच्या आतल्या वाटा व्हॉल्यूमच्याच नावाने लिहिलेल्या असतात, कारण वाचकाच्या घरी ड्राइव्हचं नाव काय असेल हे संपादकाला कळायचा मार्ग नव्हता.

इन्फोने दाखवलेलं नाव कागदावर लिहून घ्या, रेघा आणि अधोरेखांसकट. मग डिस्कवरच्या रीडमी फाइलमध्ये किंवा मुख्य स्क्रिप्टमध्ये कोणतं नाव वापरलं आहे ते बघा. बहुधा दोन्ही एकच असतात. नसतील तर टोपणनाव लावा:

असाइन मासिक४०: सीडी०:

दोन्ही नावांच्या शेवटी कोलन हवं. कोलन विसरलात तर सिस्टिम त्याला चालू ड्रॉवरमधली फाइल समजते.

डिस्क-प्रतिमेच्या फाइलचं नाव बदललं म्हणून आतलं व्हॉल्यूमचं नाव बदलत नाही. हे सांगायची वेळ वारंवार येते. पीसीवर तुम्ही फाइलला काहीही म्हणा, अमिगाला दिसतं ते प्रतिमेच्या पोटात कोरलेलं नाव.

सावध: खऱ्या व्हॉल्यूमचं आणि असाइनचं नाव एकच ठेवू नका. मूळ डिस्क आत असताना त्याच नावाचं असाइन कामाचं नाही, आणि दुसरी डिस्क घातल्यावर ते चुकीच्या जागी बोट दाखवतं.

## टप्पा ४: डिस्कवरचं सेटअप आधी वाचा, मग चालवा

सीडीची खिडकी उघडल्यावर पानांच्या आयकॉनाशेजारी सेटअप किंवा तत्सम नावाचा एखादा आयकॉन बहुतेकदा दिसतो. लोक तो वगळून थेट पानावर जातात. अर्ध्या अडचणी तिथेच जन्म घेतात, कारण हव्या त्या वाटा लावणं, दर्शक प्रोग्रॅम ठरवणं, डिस्कवरच्या आज्ञा सापडतील असं करणं हे काम तोच करतो.

पण डोळे मिटूनही चालवू नका. ती स्क्रिप्ट असेल तर मल्टिव्ह्यू ह्या अमिगाच्या फाइल-दर्शकात उघडून वाचा. पाच मिनिटं लागतात. तीन गोष्टी शोधायच्या.

पहिली: ती लिब्जला, म्हणजे सिस्टिम लायब्रऱ्या जिथे शोधते त्या जागेला, काही जोडते का? असाइनच्या ओळीत शेवटी 'ॲड' असेल तर डिस्कवरचा लायब्रऱ्यांचा ड्रॉवर तुमच्या लिब्जच्या शेपटीला जोडला जातो. डिस्क आत असेपर्यंत मजेत. डिस्क काढलीत की एखादी लायब्ररी सापडत नसताना सिस्टिम प्रत्येक वेळी तीच डिस्क मागत राहते, मग तुम्ही अगदी वेगळं काही करत असलात तरी. त्यावर उतारा शेवटच्या टप्प्यात आहे.

दुसरी: ती हार्ड डिस्कवर काही कॉपी करते का? करत असेल तर कॉपी होणारी लायब्ररी तुमच्याकडच्या लायब्ररीपेक्षा जुनी नाही ना, हे व्हर्जन आज्ञेने दोन्हींवर बघा. १९९७ च्या सीडीने तुमच्या नव्या लायब्ररीवर जुनी बसवली तर दुसऱ्याच दिवशी भलताच प्रोग्रॅम आडवा होतो आणि संशय कधीच सीडीवर जात नाही.

तिसरी: सेटिंग कुठे ठेवते? एन्व्ह, म्हणजे चालू सेटिंगांची जागा, रॅममध्ये असतं, मशीन बंद केलं की गेलं. एन्व्हआर्क, म्हणजे कायमच्या सेटिंगांची जागा, हार्ड डिस्कवर असतं. नुसत्या एन्व्हमध्ये लिहीत असेल तर सेटअप प्रत्येक बूटनंतर एकदा चालवावं लागेल. 'काल चालत होतं, आज नाही' ह्या तक्रारीचं मूळ बहुधा इथेच सापडतं.

तपासा: सेटअप झाल्यावर शेलमध्ये काहीही पुढे न लिहिता नुसतं असाइन द्या. सगळ्या वाटांची यादी येते. तिच्यात डिस्कचं नाव असलेल्या ओळी नव्याने आलेल्या दिसल्या पाहिजेत. ही यादी एका फाइलमध्ये ठेवून द्या.

## टप्पा ५: आता ब्राउझर

आयब्राउझ, एवेब, व्हॉयेजर, तिन्ही चालतात. आयब्राउझ आणि व्हॉयेजरला एमयूआय (खिडक्या आणि बटणं दाखवणारं वेगळं सॉफ्टवेअर) लागतं. ते नसेल तर एमयूआयमास्टर लायब्ररी सापडत नाही अशी ओरड होते किंवा प्रोग्रॅम काही न बोलता उघडतच नाही. एवेबला क्लासॲक्ट, म्हणजे पुढे ज्याला रिॲक्शन म्हणू लागले त्याचे घटक लागतात. सीडीवरच बऱ्याचदा एखादा ब्राउझर असतो, पण तो वेळेची मर्यादा असलेला डेमो असू शकतो. कायमचं काम असेल तर स्वतःचा बसवा. माझा कल नुसती स्थानिक पानं बघायला एवेबकडे आहे: तो पुढे मुक्तस्रोत झाला आणि जुन्या मशीनवर हलका पडतो. पानांत फ्रेमांची गर्दी असेल तर आयब्राउझ जास्त बरा दिसतो.

डिस्कवरची पानं बघायला इंटरनेटचं सॉफ्टवेअर लागत नाही. तरीही ब्राउझर उघडताच नेट शोधू लागतो, कारण त्याचं मुखपान बाहेरचं असतं. मुखपान रिकामं करा. हार्ड डिस्कवरचा कॅशही बंद करा. सीडीवरची पानं पुन्हा हार्ड डिस्कवर साठवण्यात काही राम नाही.

पान उघडताना पत्ता असा टाइप करा: फाइल, कोलन, लागोपाठ तीन स्लॅश, मग व्हॉल्यूमचं नाव, कोलन, मग आतली वाट. सीडी० न लिहिता व्हॉल्यूमचं नाव लिहा. पानातले दुवे सापेक्ष असतील तर काहीही चालेल, पण एखाद्या पानात पूर्ण पत्ता दिलेला असला तर तो व्हॉल्यूमच्याच नावाने असतो.

दुव्यांविषयी एक गोष्ट ध्यानात ठेवा. वरच्या ड्रॉवरमध्ये जायला एचटीएमएल दोन टिंबं आणि स्लॅश वापरतं, अमिगाडॉस नुसता सुरुवातीचा स्लॅश. ब्राउझर हे भाषांतर स्वतः करतो. पण दुवा थेट स्लॅशने सुरू होत असेल, जसा वेबसाइटवर असतो, तर डिस्कवर त्याला 'मूळ' कुठलं हे ठरवता येत नाही. असं पान संपादकाच्याच हातून चुकलेलं असतं. ब्राउझरची सेटिंगं उकरू नका, वर्कबेंचमधून त्या ड्रॉवरमध्ये जा.

गंमत अशी की नावांतल्या लहान-मोठ्या अक्षरांचा घोळ अमिगावर खपून जातो. तीच सीडी लिनक्सवर उघडली की दुवे तुटतात. त्यामुळे 'पीसीवर दुवे मेलेले आहेत, सीडीच बिघडलेली' असा निष्कर्ष घाईने काढू नका.

### मेमरी आणि पडदा

ब्राउझरला स्वतःचा पडदा द्यायचा असेल तर रंग मोजून द्या. ६४० गुणिले ५१२ च्या पडद्याला २५६ रंग दिले की ३२० केबी चिप रॅम जाते, १६ रंग दिले की १६० केबी. एकूण २ एमबीतून हा खर्च, त्यात वर्कबेंचचा पडदा आणि पानावरची चित्रं वेगळी. एजीए चिपा असलेल्या मशीनवर (१२०० त्यातलंच) २५६ रंगांत वर-खाली सरकवणंही जड होतं. सुरुवात १६ रंगांवर करा. ग्राफिक्स कार्ड असेल, किंवा एमुलेटरमध्ये त्याची सोय चालू केली असेल, तर हा परिच्छेद सोडून द्या.

मधूनमधून शेलमध्ये अव्हेल देऊन चिप आणि फास्टचे आकडे बघत चला. फास्ट भरपूर आणि चिप तळाला गेलेली असेल तर दोष चित्रांचा आहे.

स्टॅकही, म्हणजे प्रोग्रॅमला तात्पुरत्या कामासाठी मिळणारी मेमरी, बघा. शेलमधून चालवलेल्या प्रोग्रॅमला मुळात ४०९६ बाइट मिळतात, ब्राउझरला ते पुरत नाहीत आणि तो अचानक कोसळतो. शेलमधून चालवत असाल तर आधी स्टॅक आज्ञेने तो ३२७६८ किंवा जास्त करा, वर्कबेंचमधून चालवत असाल तर आयकॉन निवडून इन्फर्मेशनमध्ये तेवढाच करा.

तपासा: चित्रांच्या जागी रिकाम्या चौकटी दिसत असतील तर जेपेग आणि जिफचं डेटाटाइप (सिस्टिमला तो फाइलप्रकार वाचायला शिकवणारा घटक) किंवा ब्राउझरचं त्याचं प्लगइन बसलेलं नाही. मल्टिव्ह्यूमध्ये तेच चित्र उघडून बघा. तिथेही उघडत नसेल तर डेटाटाइप नाही. तिथे उघडतं आणि ब्राउझरमध्ये नाही, तर मेमरी किंवा ब्राउझरची सेटिंगं.

## टप्पा ६: कुठल्या फाइलीचं काय करायचं ते ब्राउझरला शिकवा

ब्राउझरला एचटीएमएल, मजकूर आणि चित्रं कळतात. एलएचए पेटीवर क्लिक केलं की ती मजकूर समजून पडद्यावर कचरा ओततो, किंवा विचारत बसतो. फाइलप्रकारांच्या यादीत इतकं भरा:

रीडमी, डॉक आणि टीएक्सटी शेपटीच्या फाइली साधा मजकूर म्हणून. गाइड शेपटीच्या फाइली मल्टिव्ह्यूकडे. मॉड, म्हणजे संगीताच्या फाइली तुमच्या आवडत्या प्लेअरकडे. एलएचए पेट्या आणि डीएमएस, एडीएफ ह्या फ्लॉपी-प्रतिमा मात्र नुसत्या साठवून ठेवायच्या, कुठलाही प्रोग्रॅम जोडायचा नाही.

बाहेरचा प्रोग्रॅम जोडताना फाइलच्या नावाची जागा दाखवणारं चिन्ह दुहेरी अवतरणात ठेवा. सीडीवर मोकळी जागा असलेली नावं पुष्कळ असतात. अवतरण नसेल तर मल्टिव्ह्यू नावाचा पहिला शब्द घेऊन 'अशी फाइल नाही' म्हणतो आणि तुम्ही दुवा तुटलाय असं समजता.

दुवा थेट प्रोग्रॅमकडे जात असेल तर तो ब्राउझरमधून चालवण्याच्या भानगडीत पडू नका. वर्कबेंचमधून चालवलेल्या प्रोग्रॅमला आयकॉनमधला स्टॅक आणि टूलटाइप (आयकॉनमध्येच लिहिलेली सेटिंगं) मिळतात, ब्राउझरमधून सुरू केलेल्याला बहुधा नाही. पानावर ड्रॉवरचं नाव वाचा, त्या ड्रॉवरमध्ये जा, आयकॉनवर दोनदा क्लिक करा. ब्राउझर हा इथे सूचिपत्र आहे, एवढंच मानलं की बराच ताप वाचतो.

## टप्पा ७: हार्ड डिस्कवर उतरवा आणि चालवा

पेटी सोडवताना ठिकाणाच्या शेवटी कोलन किंवा स्लॅश पाहिजे. 'एलएचए, एक्स, पेटीचं नाव, वर्क:तात्पुरतं/' असं. शेवटचा स्लॅश गेला तर एलएचए ते ठिकाण न समजता पेटीतल्या फाइलीचं नाव समजतं, तसं काही सापडत नाही, आणि आज्ञा काहीही न सोडवता संपते. चुकीची पाटीही येत नाही म्हणून लोक पेटी रिकामी ठरवतात.

रॅम डिस्कवर सोडवणं झटपट होतं, पण १० एमबीची पेटी ८ एमबीच्या मशीनवर मावणार नाही, आणि अर्धी सुटलेली पेटी ही न सुटलेल्या पेटीपेक्षा वाईट. मोठ्या पेट्या थेट हार्ड डिस्कवर सोडवा.

पेटी न करता उघडाच ठेवलेला प्रोग्रॅम सीडीवरून कॉपी करताना त्याचा डॉट इन्फो आयकॉनही सोबत घ्या. वर्कबेंचमध्ये ओढून नेलं की तो आपोआप येतो, शेलमधून कॉपी केलं की तुम्हालाच आठवण ठेवावी लागते. कॉपी आज्ञेला 'ऑल' आणि 'क्लोन' जोडा, म्हणजे तारखा आणि टिप्पण्याही येतील.

आता परवानग्या. सीडीवरच्या फाइलींना बऱ्याचदा लिहिण्याची आणि पुसण्याची परवानगी नसते, आणि कॉपी करताना तेच बिट सोबत येतात. प्रोग्रॅम हार्ड डिस्कवर असूनही आपलं सेटिंग साठवू शकत नाही, गेमचा गुणफलक राहत नाही. कॉपी झाली की त्या ड्रॉवरवर प्रोटेक्ट आज्ञेने वाचणं, लिहिणं, चालवणं, पुसणं ह्या चारही परवानग्या 'ऑल'सकट द्या. स्क्रिप्टा असतील तर त्यांना एस बिट वेगळा द्या, किंवा नावाआधी एक्झिक्यूट लिहून चालवा.

फ्लॉपीच्या प्रतिमा खऱ्या फ्लॉपीवर लिहायच्या असतील तर डबल डेन्सिटीच्या फ्लॉपी घ्या. अमिगाच्या ८८० केबीला त्याच योग्य. एचडी फ्लॉपीचं भोक चिकटपट्टीने झाकून काम होतं, पण तिच्यावर महिन्याभरानंतर विसंबू नका. एमुलेटरवर ही कटकटच नाही, एडीएफ थेट ड्राइव्हमध्ये टाकता येते.

तपासा: सीडी बाहेर काढा आणि उतरवलेला प्रोग्रॅम चालवा. तो सीडी मागत असेल तर काहीतरी अजून तिथेच आहे: एखादी लायब्ररी, फाँट किंवा डेटाचा ड्रॉवर. पाटीवर आलेलं नाव वाचा, तेवढंच आणून योग्य जागी ठेवा.

## टप्पा ८: डिस्क बदलताना

पुढच्या महिन्याची सीडी घालण्याआधी ब्राउझर बंद करा. उघडा राहिला तर तो जुन्या डिस्कवरची एखादी फाइल धरून बसतो आणि डिस्क मागत राहतो.

मग चौथ्या टप्प्यात जपून ठेवलेली असाइनची यादी काढा. जे काही लिब्ज, फाँट्स किंवा सी ला (म्हणजे आज्ञांच्या ड्रॉवरला) जोडलं गेलं होतं ते एकेक करून असाइन आज्ञेच्या शेवटी 'रिमूव्ह' लावून सोडवा. फक्त डिस्कच्या नावाने केलेली टोपणनावं सोडवायला असाइनला नाव देऊन पुढे काहीच लिहायचं नाही. लिब्जवर चुकूनही असं करू नका, सगळंच असाइन उडेल आणि मशीन पुन्हा चालू करावं लागेल.

बऱ्याच सीडी असतील तर प्रत्येकीसाठी हार्ड डिस्कवर एक छोटी स्क्रिप्ट लिहा: टोपणनावं, मग सेटअपमधल्या फक्त हव्या त्या ओळी, मग त्या पानाच्या पत्त्यासह ब्राउझर. तिला प्रोजेक्ट जातीचा आयकॉन द्या आणि त्यात डीफॉल्ट टूल म्हणून सी मधलं आयकॉनएक्स, म्हणजे आयकॉनवरून स्क्रिप्ट चालवणारी आज्ञा, लिहा. उलटं सोडवणारी दुसरी स्क्रिप्ट तिच्याच शेजारी ठेवा, आणि दोघींच्या नावात व्हॉल्यूमचं नाव असू द्या.